मोठा क्वार्टरबॅक संघ सोडतो, तेव्हा त्याचा पुढचा संघ कसा ओळखावा

प्रश्न असा आहे की, पस्तिशी ओलांडलेला, मोठ्या नावाचा क्वार्टरबॅक (अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण चालवणारा खेळाडू) आपला जुना संघ सोडतो तेव्हा तो पुढे कोठे खेळेल याचा अंदाज कसा बांधावा, आणि त्या काळात ज्या आठ-दहा संघांची नावे रोज वाचायला मिळतात त्यांपैकी खरोखर शर्यतीत किती असतात. अमेरिकेत फुटबॉल खेळाडूंच्या करारांचे हिशेब मांडण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे उत्तराची सुरुवात मी हिशेबापासून करणार आहे. मात्र हिशेबाने यादीतली नावे गळतात, उरलेल्यांतून निवड होत नाही. ती निवड, माझ्या मते, बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरते: नव्या संघात प्लेबुक, म्हणजे आक्रमणाच्या ठरवलेल्या डावांचा संच, कोणाचे चालणार, प्रशिक्षकाचे की त्या खेळाडूचे.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकाने आधी एक फरक ध्यानात घ्यायला हवा. लिलावात एखाद्या संघाकडे तीन सलामीवीर असले तरी तो चौथा घेऊ शकतो, कारण कोणाला तरी खालच्या क्रमांकावर खेळवता येते. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, ३२ संघ आहेत आणि प्रत्येक संघाच्या आक्रमणात क्वार्टरबॅकची जागा एकच असते. प्रत्येक चेंडू त्याच्याच हातात येतो आणि डाव कोणत्या बाजूला वळवायचा हे तोच ठरवतो. त्यामुळे अनुभवी क्वार्टरबॅक बाजारात येतो तेव्हा ‘त्याला कोण घेऊ इच्छिते’ हा प्रश्न दुय्यम असतो. ‘कोणाकडची जागा खरोखर रिकामी आहे’ हा पहिला प्रश्न असतो, आणि तो विचारला की ३२ नावांची यादी साधारणतः पाच-सहांवर येते.

त्याआधी तो खेळाडू बाजारात कोणत्या वाटेने आला हे पाहावे, कारण निर्णय कोणाच्या हातात आहे ते त्यावरून कळते. करार संपून तो मोकळा झाला असेल किंवा संघाने त्याला करारमुक्त केले असेल, तर निवड त्याची असते. जुना संघ त्याची अदलाबदल करत असेल, तर निवड मुख्यतः जुन्या संघाची असते आणि तो संघ आपल्या शेजाऱ्याला बळ देणार नाही. ब्रेट फार्वचे उदाहरण या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. मार्च २००८ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली, उन्हाळ्यात विचार बदलला, पण तोवर ग्रीन बे पॅकर्सने ॲरन रॉजर्सला पुढे आणण्याचे ठरवले होते. फार्वची नजर मिनेसोटा वायकिंग्जवर होती, आणि ते पॅकर्सच्याच गटातले. पॅकर्सने ऑगस्टमध्ये त्याला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवले, आणि जेट्सने त्याला पुढे वायकिंग्जकडे दिल्यास ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या) पहिल्या फेरीच्या तीन निवडी पॅकर्सना द्याव्या लागतील अशी अट करारात घातल्याचे तेव्हा छापून आले होते. फार्व कोठे जाऊ इच्छितो हे सर्वांना ठाऊक होते, तरी त्या वर्षी ते उत्तर चुकीचे होते. पुढच्या वर्षी तो पुन्हा निवृत्त झाला, जेट्सने त्याच्यावरचा हक्क सोडला, आणि १८ ऑगस्ट २००९ रोजी वायकिंग्जचे प्रशिक्षक ब्रॅड चिल्ड्रेस स्वतः गाडी घेऊन त्याला विमानतळावर आणायला गेले. खेळाडूची इच्छा तीच होती, फक्त निर्णयाचा हक्क त्याच्याकडे आला होता.

आता हिशेब. प्रत्येक संघाला एका वर्षात सर्व खेळाडूंवर मिळून किती खर्च करता येईल याची कमाल मर्यादा ठरलेली असते. ही वेतनमर्यादा २०१२ मध्ये १२ कोटी ६ लाख डॉलर होती, तर २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख डॉलर. वरवर पाहणाऱ्याला वाटते की जुन्या संघाने खेळाडू सोडला म्हणजे त्याचा खर्च संपला; प्रत्यक्षात तसे होत नाही. समजा, पाच वर्षांच्या करारात सहीच्या वेळी ४ कोटी डॉलरचा बोनस दिला. पैसे खेळाडूच्या खात्यात लगेच जातात, परंतु मर्यादेच्या हिशेबात ते दर वर्षी ८० लाख असे पाच वर्षांत विभागून मांडले जातात. दोन वर्षांनी त्याला सोडले, तर उरलेले २ कोटी ४० लाख एकदम त्याच वर्षाच्या हिशेबात येऊन पडतात. यालाच डेड मनी म्हणतात: खेळाडू संघात नसतो, पण त्याचा भार असतो. १ जूननंतर सोडल्याचे नोंदवले, तर त्यातले ८० लाख चालू वर्षात आणि १ कोटी ६० लाख पुढच्या वर्षात ढकलता येतात. जेट्सने २०२५ मध्ये रॉजर्सला सोडताना हाच मार्ग घेतला आणि एकूण ४ कोटी ९० लाखांपैकी १ कोटी ४० लाख त्या वर्षी, तर ३ कोटी ५० लाख पुढच्या वर्षी मांडले. टॉम ब्रेडी गेल्यावर न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या २०२० च्या हिशेबात १ कोटी ३५ लाखांचा भार राहिला होता. मॅट रायनला इंडियानापोलिसकडे देताना अटलांटा फाल्कन्सने २०२२ मध्ये ४ कोटी ५ लाखांचा भार पत्करला, आणि तो तोवरचा विक्रम होता.

हे आकडे जुन्या संघाचे असले, तरी पुढचा संघ ओळखायला ते उपयोगी पडतात, कारण त्यांवरून तो खेळाडू केव्हा मोकळा होईल आणि नव्या संघाला किती स्वस्तात मिळेल हे कळते. रसेल विल्सनला डेन्व्हर ब्रॉन्कोसने २०२४ मध्ये सोडले तेव्हा दोन वर्षांत मिळून ८ कोटी ५० लाखांचा डेड मनी त्यांच्या माथी आला, आणि त्या वर्षाच्या ३ कोटी ९० लाख डॉलर पगाराची हमीही त्यांनी आधीच दिलेली होती. नवा संघ जेवढे देईल तेवढीच रक्कम डेन्व्हरच्या देण्यातून वजा होणार होती. म्हणजे विल्सनला जास्त मागून स्वतःचा काहीच फायदा नव्हता. पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला १२ लाख १० हजार डॉलरच्या किमान वेतनात घेतले. ज्यांनी केवळ ‘कोणाकडे पैसे शिल्लक आहेत’ एवढेच पाहिले त्यांचा अंदाज तेथे फसला, कारण त्या वर्षी पैसा हा निकषच नव्हता.

रिकाम्या जागेचा मुद्दा एका खऱ्या यादीवर तपासून पाहू. पेटन मॅनिंग मानेच्या शस्त्रक्रियांमुळे २०११ चा पूर्ण हंगाम खेळू शकला नव्हता, इंडियानापोलिस कोल्ट्स २ विजय आणि १४ पराभव अशा अवस्थेत तळाला गेले होते आणि त्यामुळे ड्राफ्टमधली पहिली निवड, म्हणजे तरुण क्वार्टरबॅक अँड्र्यू लक, त्यांच्या हातात आली होती. मार्च २०१२ मध्ये मॅनिंगला २ कोटी ८० लाखांचा बोनस देय होणार होता. ७ मार्चला, त्याच्या आदल्या दिवशी, कोल्ट्सने त्याला करारमुक्त केले. तो करार संपून मोकळा झाला नव्हता, सोडला गेला होता, म्हणून १३ मार्चला खुला होणारा बाजार त्याला लागू नव्हता आणि तो त्याच दिवसापासून कोणाशीही बोलू शकत होता. सुमारे डझनभर संघांची नावे चर्चेत होती. पण काहीच दिवसांत वॉशिंग्टनने ड्राफ्टमधली दुसरी निवड मिळवण्यासाठी मोठा सौदा केला, म्हणजे त्यांना तरुण खेळाडू हवा होता. जेट्सने आपल्या क्वार्टरबॅकचा, मार्क सँचेझचा, करार वाढवला. ॲरिझोना कार्डिनल्सला आपला क्वार्टरबॅक केव्हिन कोल्ब याला मार्चच्या मध्यापर्यंत ७० लाखांचा बोनस द्यायचा होता आणि तो त्यांनी दिला. सिअॅटलचे प्रशिक्षक पीट कॅरॉल मॅनिंगला भेटायला, बोलावणे नसताना, विमानाने डेन्व्हरला पोहोचले, तरी भेट झाली नाही. पाहता पाहता टेनेसी टायटन्स, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स आणि डेन्व्हर ब्रॉन्कोस एवढे तीनच उरले.

या तिघांपैकी कोण, हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण केवळ कागदावर पाहिले असते तर उत्तर सॅन फ्रान्सिस्को आले असते. आदल्या हंगामात त्यांनी १३ सामने जिंकले होते, कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन विभागांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यात ते न्यूयॉर्क जायंट्सकडून अतिरिक्त वेळेत हरले होते आणि त्यांचा बचाव लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी होता. टेनेसीकडे भावनेचा ओढा होता. मॅनिंग नॉक्सव्हिलच्या टेनेसी विद्यापीठातून खेळलेला, आणि मालक बड ॲडम्स यांनी त्याला आणण्याची इच्छा उघडपणे बोलून दाखवली होती. डेन्व्हर मात्र ८ विजय, ८ पराभव असा मध्यम संघ होता, आणि त्यांचा क्वार्टरबॅक टिम टीबो हा पास फेकण्यापेक्षा चेंडू घेऊन धावण्यासाठी प्रसिद्ध होता.

पण सॅन फ्रान्सिस्कोचे आक्रमण हे प्रशिक्षक जिम हार्बो यांचे आक्रमण होते. ते स्वतः एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक म्हणून खेळलेले, धावण्यावर भर देणारी त्यांची घडी पक्की बसलेली, आणि नुकतीच यशस्वी झालेली. अशा संघात येणाऱ्या खेळाडूला त्या घडीत बसावे लागते. मॅनिंगची पद्धत वेगळीच होती. आक्रमक खेळाडूंना घोळक्यात बोलावून एक डाव सांगायचा आणि तोच खेळायचा, असे तो फारसे करत नसे. रेषेवर उभा राहून तो बचावाची मांडणी न्याहाळायचा, बोटांनी खुणा करत, मोठ्याने शब्द उच्चारत डाव बदलायचा, कधी दोनदा बदलायचा, आणि घड्याळात एक-दोन सेकंद उरले असताना चेंडू मागवायचा. ही पद्धत चालवायची तर रिसिव्हर (पास झेलणारे), लाइनमन (क्वार्टरबॅकच्या पुढे उभे राहून अडवणारे) आणि प्रशिक्षक अशा सर्वांनीच त्याची खुणांची भाषा शिकायला हवी. डेन्व्हरला टिकवण्यासारखे जुने काही नव्हते. टीबोसाठी रचलेले आक्रमण त्याच्याबरोबरच जाणार होते. समन्वयक, म्हणजे आक्रमण आखणारे प्रशिक्षक, माइक मकॉय यांनी एका वर्षात दुसऱ्यांदा आपले आक्रमण नव्याने बांधायची तयारी दाखवली. मॅनिंगचे कोल्ट्समधले जुने सहकारी जेकब टॅम आणि ब्रँडन स्टोकली हेही त्या वर्षी डेन्व्हरला आले, ते उगाच नव्हे.

त्यात भर म्हणजे डेन्व्हरमध्ये फुटबॉलचा कारभार जॉन एल्वे यांच्याकडे होता. शेवटच्या दोन्ही हंगामांत सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकून ३८ व्या वर्षी निवृत्त झालेला हा क्वार्टरबॅक मॅनिंगच्या वयाच्या खेळाडूला काय हवे असते ते स्वानुभवाने जाणत होता. आणि संघ वाटतो तितका रिता नव्हता: डाव्या टॅकलला (लाइनच्या टोकाला अडवणाऱ्याच्या जागी) रायन क्लेडी, रिसिव्हर म्हणून डेमेरियस थॉमस आणि एरिक डेकर, बचावात व्हॉन मिलर, एल्व्हिस ड्युमरव्हिल आणि चॅम्प बेली. २० मार्चला करार जाहीर झाला, दुसऱ्याच दिवशी टीबोला जेट्सकडे पाठवण्यात आले. त्या वर्षी डेन्व्हरने १३ सामने जिंकले. २०१३ मध्ये मॅनिंगने ५५ टचडाउन (थेट गुण मिळवून देणारे) पास आणि पासचे ५,४७७ यार्ड असे दोन्ही विक्रम केले. बंदिस्त मैदानात खेळायची सवय असलेला माणूस कोलोरॅडोच्या थंडीत जाणार नाही, असे तेव्हा अनेक जाणकार ठामपणे सांगत होते. हवामान, शहर, घरापासूनचे अंतर या गोष्टी अशा निर्णयांत येतात, परंतु त्या शेवटच्या दोन नावांत तोल झुकवण्यापुरत्या येतात, असे मी आजवर पाहिले आहे.

प्लेबुकचा हा धागा हाती घेतला की जुने अनेक निर्णय उलगडतात. २०२० मध्ये फिलिप रिव्हर्स लॉस एंजेलिस चार्जर्स सोडून इंडियानापोलिसला एका वर्षासाठी २ कोटी ५० लाखांत गेला. तेथील मुख्य प्रशिक्षक फ्रँक राइक आणि समन्वयक निक सिरियानी हे दोघेही चार्जर्समध्ये त्याच्याबरोबर काम केलेले होते. फार्वला २००९ मध्ये वायकिंग्जमध्ये भेटलेले समन्वयक डॅरेल बेव्हेल हे ग्रीन बेमध्ये त्याचे क्वार्टरबॅक प्रशिक्षक होते. फार्वची ती दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत: जेट्समध्ये ऑगस्टमध्ये अनोळखी आक्रमणात पाऊल ठेवले, २२ टचडाउन आणि २२ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास), मिनेसोटामध्ये ऑगस्टमध्येच, पण ओळखीच्या आक्रमणात, ३३ टचडाउन आणि ७ इंटरसेप्शन. दंडाच्या दुखापतीचा जेट्समधल्या शेवटच्या आठवड्यांवर परिणाम झाला, हे खरे आहे. तरीही चाळिशीला आलेल्या खेळाडूने आदल्या वर्षापेक्षा इतका सरस हंगाम खेळावा, याचे मोठे श्रेय मी ओळखीच्या प्लेबुकला देतो.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. जो मॉन्टॅना १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सोडून कॅन्सस सिटी चीफ्सकडे गेला, तेव्हा तेथे समन्वयक होते पॉल हॅकेट, जे पूर्वी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्याला शिकवत असत. बरोबर तीस वर्षांनी, २०२३ मध्ये, रॉजर्स ग्रीन बे सोडून जेट्सकडे गेला, आणि त्याच्या आधी जेट्सने समन्वयक म्हणून नेमले होते नॅथॅनिएल हॅकेट यांना, जे ग्रीन बेमध्ये रॉजर्सचे समन्वयक होते. नॅथॅनिएल हे पॉल यांचेच चिरंजीव. जानेवारीत ती नेमणूक झाली तेव्हाच ज्यांनी रॉजर्सच्या नावापुढे जेट्स लिहून ठेवले, त्यांना एप्रिलपर्यंतच्या बातम्या वाचण्याची गरज पडली नाही.

मात्र कोठे जाईल आणि तेथे यशस्वी होईल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि वाचक त्यांची गल्लत करतात. मॉन्टॅनाने चीफ्सना पहिल्याच वर्षी कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. रॉजर्सचा पोटरीमागचा अकिलीस स्नायुबंध जेट्सकडून खेळताना चौथ्याच डावात, ११ सप्टेंबर २०२३ रोजी तुटला. पुढच्या हंगामात तो परतला तरी जेट्स ५ विजय आणि १२ पराभवांवर थांबले, आणि मुख्य प्रशिक्षकाला ऑक्टोबरमध्येच काढण्यात आले. प्लेबुक ओळखीचे असले, तरी समोरून येणाऱ्याला अडवणारी लाइन भक्कम नसेल, तर चाळिशीजवळच्या शरीराला त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून एखादे नाव ऐकले की मी आधी त्या संघाचे डावे आणि उजवे टॅकल कोण आहेत ते पाहतो, रिसिव्हर नंतर.

ब्रेडीचे २०२० चे स्थलांतर या नियमाला पूर्ण जुळत नाही, आणि म्हणूनच ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. पेट्रियट्सबरोबरच्या शेवटच्या करारात त्याने एक अट घालून घेतली होती: संघ त्याच्यावर फ्रँचायझी टॅग वापरणार नाही. हा टॅग लावला की करार संपलेल्या खेळाडूला संघ आणखी एक वर्ष रोखू शकतो. ती अट २०१९ मध्येच ज्याच्या वाचनात आली, त्याला ब्रेडी दारापर्यंत आला आहे हे समजायला हवे होते. पुढच्या मार्चमध्ये टेनेसीने रायन टॅनेहिलचा करार वाढवला, न्यू ऑर्लिन्समध्ये ड्रू ब्रीझने आणखी एक वर्ष खेळायचे ठरवले, सॅन फ्रान्सिस्को जिमी गारोपोलोवर कायम राहिले. उरले मुख्यतः चार्जर्स आणि टँपा बे. टँपाच्या जेमिस विन्स्टनने २०१९ मध्ये ५,१०९ यार्ड आणि ३३ टचडाउन फेकले होते, पण ३० इंटरसेप्शनही दिले होते. माइक इव्हान्स आणि ख्रिस गॉडविन यांच्यासारखे रिसिव्हर तेथे होते. ज्या संघाचे ७ विजय आणि ९ पराभव एवढ्या चुकांसह आले, त्यांच्या चुका निम्म्यावर आल्या तर काय होईल, याचे गणित कोणीही करू शकत होते. ब्रेडीने दोन वर्षांसाठी ५ कोटींच्या हमीवर सही केली.

परंतु टँपाचे प्लेबुक ब्रूस एरियन्स यांचे होते, लांब पासवर भर देणारे, आणि वीस हंगाम एकाच पद्धतीत खेळलेल्या ब्रेडीला ते नव्याने पाठ करावे लागले. साथीमुळे त्या उन्हाळ्यात संघाचे सराव बंद असल्याने त्याने सहकाऱ्यांना गोळा करून टँपामधल्या एका शाळेच्या मैदानावर सराव केला. बारा सामन्यांनंतर संघ ७ विजय आणि ५ पराभवांवर अडखळत होता. त्यानंतरच्या सामन्यांत चेंडू सुटण्याआधी खेळाडू हलवणे आणि धावण्याचा आभास निर्माण करून पास टाकणे यांचे प्रमाण वाढले, म्हणजे ब्रेडीच्या सवयीचा खेळ टँपाच्या प्लेबुकात शिरला, आणि तेथून सलग आठ विजय मिळवत त्यांनी ७ फेब्रुवारी २०२१ रोजी आपल्याच मैदानावर कॅन्सस सिटीला ३१-९ असे हरवून सुपर बोल जिंकला. त्याच्या सांगण्यावरून निवृत्ती मोडून आलेल्या रॉब ग्रॉन्कोव्स्कीने त्या सामन्यात दोन टचडाउन केले. माझा निष्कर्ष असा की, ब्रेडीने आधीच हाती सोपवलेले प्लेबुक मागितले नाही, पण बदलायला तयार असलेला प्रशिक्षक निवडला. हार्बो आणि एरियन्स यांच्यातला फरक नेमका येथे आहे.

शरीराचा प्रश्न बातम्यांत सर्वाधिक येतो, पण तो उत्तर क्वचितच बदलतो. त्याचा परिणाम कराराच्या कलमांवर होतो. मॅनिंगने ड्यूक विद्यापीठात आपले महाविद्यालयीन काळातले प्रशिक्षक डेव्हिड कटक्लिफ यांच्या देखरेखीखाली चेंडू फेकून दाखवला, आणि डेन्व्हरची मंडळी ते पाहायला गेली. तरीही त्यांनी पाच वर्षांच्या ९ कोटी ६० लाखांच्या करारात केवळ पहिल्या वर्षाच्या १ कोटी ८० लाखांची बिनशर्त हमी दिली, आणि पुढच्या दोन वर्षांच्या प्रत्येकी २ कोटींची हमी मानेच्या तपासणीशी बांधली. करार मोठा की लहान हे विचारण्यापेक्षा हमी कितीची आणि कोणत्या अटीवर, हे विचारावे. अर्थात हमीसुद्धा जागा राखून देत नाही: कर्क कझिन्सला अटलांटाने २०२४ मध्ये १० कोटींची हमी दिली, आणि काहीच आठवड्यांत ड्राफ्टमधल्या आठव्या निवडीवर मायकेल पेनिक्स हा क्वार्टरबॅक घेतला, डिसेंबरमध्ये कझिन्स बाकावर होता. अनुभवी खेळाडूने एप्रिलअखेरच्या ड्राफ्टआधी सही करावी की नंतर, यावर म्हणूनच आजकाल इतका खल होतो.

रॉजर्सने २०२५ मध्ये नंतरचा मार्ग घेतला, आणि त्या तीन महिन्यांत काय पाहायला हवे होते ते सांगतो. मार्चमध्ये तीन नावे होती: मिनेसोटा, जायंट्स आणि पिट्सबर्ग. मिनेसोटाने आदल्या वर्षी दहाव्या निवडीवर जे. जे. मकार्थीला घेतले होते, आणि गुडघ्याच्या दुखापतीने त्याचा पहिला हंगाम गेला असला तरी त्यांनी त्यालाच खेळवायचे ठरवले. जायंट्सने जेमिस विन्स्टन आणि रसेल विल्सन या दोघांशी करार केले, आणि ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत जॅक्सन डार्टही घेतला. पिट्सबर्गचे मात्र मागच्या वर्षीचे दोन्ही क्वार्टरबॅक निघून गेले होते, डी. के. मेटकाफसारखा रिसिव्हर त्यांनी सिअॅटलकडून मिळवला होता, आणि पहिल्या फेरीत त्यांनी क्वार्टरबॅक घेतला नाही. त्या रात्रीनंतर उत्तर उघड होते: तो पिट्सबर्गकडून खेळेल, नाहीतर खेळणारच नाही. सही जूनमध्ये, एका वर्षासाठी झाली. ज्या बातम्यांत ‘तो अजून ठरवत आहे’ असे येत होते त्या खऱ्याच होत्या, पण त्या खेळायचे की नाही याबद्दल होत्या, कोठे खेळायचे याबद्दल नव्हत्या.

तेव्हा पुढच्या वेळी असे नाव बाजारात आले की, संघांचे अधिकारी काय बोलतात याकडे फारसे लक्ष देऊ नये. मार्चमध्ये ते सर्वच क्वार्टरबॅकांची स्तुती करतात. त्याऐवजी जानेवारी-फेब्रुवारीतल्या समन्वयकांच्या नेमणुका पाहाव्यात आणि त्यांच्यापैकी कोणी त्या खेळाडूबरोबर पूर्वी काम केले आहे का ते शोधावे. मार्चच्या मध्यापर्यंत कोणत्या संघाने आपल्या सध्याच्या क्वार्टरबॅकचा बोनस भरला आणि कोणी टाळला ते नोंदवावे. ड्राफ्टच्या पहिल्या रात्री यादी पुन्हा तपासावी. आणि ऑगस्टनंतरही तो घरीच असेल, तर शोध बंद करू नये, कारण त्यानंतर जागा केवळ दुखापतीमुळे रिकामी होते, आणि तेव्हा संघाकडे नवे काही शिकवायला वेळ नसतो. ज्याला प्लेबुक आधीपासून येते त्यालाच फोन जातो. डिसेंबर २०२५ मध्ये इंडियानापोलिसच्या डॅनियल जोन्सचा अकिलीस स्नायुबंध तुटला, तेव्हा प्रशिक्षक शेन स्टायकेन यांनी ज्याला बोलावले तो होता फिलिप रिव्हर्स, वय ४४, जानेवारी २०२१ नंतर एकही सामना न खेळलेला आणि अलाबामातल्या एका शाळेच्या संघाला शिकवणारा. स्टायकेन हे चार्जर्समध्ये त्याच्या प्रशिक्षकांपैकी एक होते. करारानंतर आठवडाभराच्या आत रिव्हर्स सिअॅटलमध्ये सुरुवातीपासून खेळला, आणि इंडियानापोलिस तो सामना १८-१६ असा, अवघ्या दोन गुणांनी हरले.